हंटर, सत्यवादी आणि रक्षाविसर्जन : कोल्हापूरच्या पेपरांबद्दल तुमचे प्रश्न

६ जानेवारीच्या पत्रकार दिनाला आपण 'दर्पण'वर एक छोटी चौकट दिली होती आणि खाली एक ओळ टाकली होती, की मुंबई-पुण्याबाहेरच्या वर्तमानपत्रांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. लोकांनी लिहिलं की हो! आणि त्यातली बरीचशी पत्रं कोल्हापूरहून, नाहीतर कोल्हापूर सोडून बाहेर गेलेल्यांची. म्हणून या वेळचं सदर सगळं कोल्हापूरलाच देऊन टाकलंय. सोलापूर, नागपूरवाल्यांनी रागवू नका, तुमचाही नंबर लागेल.

कोल्हापुरातला सगळ्यात पहिला पेपर कुठला? आमच्या तालमीच्या ग्रुपवर 'पुढारी' की 'सत्यवादी' यावरून जुंपलीय. निकाल द्या. (एक काका, मंगळवार पेठ)

काका, दोन्ही नाही. तुमच्या दोन्ही पार्ट्या पन्नासेक वर्षांनी चुकताहेत.

कोल्हापुरातून 'ज्ञानसागर' नावाचं साप्ताहिक १८७० च्या आसपास निघायला लागलं होतं. म्हणजे 'केसरी' निघायच्या दहाएक वर्षं आधी. तेव्हा हे करवीर संस्थान, रेसिडेन्सीत इंग्रजांचा पोलिटिकल एजंट बसलेला, आणि त्याच १८७० मध्ये दुसरे राजाराम महाराज युरोपातून परत येताना फ्लॉरेन्सला वारले. गावात वाचणारे नव्हते असं मात्र समजू नका, कारण आज आपण ज्याला करवीर नगर वाचन मंदिर म्हणतो ती लायब्ररी १८५० सालची आहे. वाचणारे आधी होते, गावचा पेपर मागून आला.

आता तुमच्या भांडणाचं. त्या दोघांतला थोरला 'सत्यवादी', बाळासाहेब पाटलांचा, १९२० च्या दशकातला. 'पुढारी' हा ग. गो. जाधवांचा, दैनिक म्हणून सुरुवात १ जानेवारी १९३९. तेव्हा सत्यवादीवाल्यांनी चहा घ्यावा, पुढारीवाल्यांनी बिल द्यावं, आणि 'ज्ञानसागर'चं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून भजी दोघांनी मिळून.

टिळक-आगरकरांना 'कोल्हापूर प्रकरणात' शिक्षा झाली असं पुस्तकात आहे. पण त्यांचा पेपर तर पुण्याचा. मग कोल्हापूर कुठून आलं मध्येच? परीक्षेला दोन मार्काला येतं पण सर दोन ओळींच्या पुढे सांगत नाहीत. (बी.ए.ची एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

सरांना सिलॅबस संपवायचाय, आपल्याला घाई नाही. नीट सांगतो.

राजाराम महाराजांच्या नंतर दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज, १८७१ साली, अगदी पोरवयात. पुढे त्यांची मानसिक प्रकृती बिघडली असं सरकार म्हणायला लागलं, त्यांना पहाऱ्यात ठेवलं गेलं, जवळ गोरे अधिकारी आणि शिपाई. संस्थानचे दिवाण होते रावबहादूर माधवराव बर्वे. गावात कुजबुज अशी की महाराज मुळात वेडे नाहीतच, त्यांना छळून वेडं ठरवायचं चाललंय आणि त्यात दिवाणांचा हात आहे. आता ही कुजबुज छापणार कोण? संस्थानात राहून दिवाणाच्या विरोधात लिहायचं म्हणजे छापखान्याला टाळं लावून घ्यायची तयारी पाहिजे. म्हणून ही गोष्ट गेली पुण्याला, जिथे १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' नुकतेच सुरू झाले होते, पंचविशीतल्या पोरांचे पेपर, आगरकर केसरीत आणि टिळक मराठात. त्यांनी ते जोरात घेतलं. त्यांच्यापर्यंत काही पत्रंही पोचली होती, बर्व्यांनीच लिहिलेली म्हणून, आणि ती वाचली की कट स्पष्ट दिसत होता.

घोळ इथेच झाला. ती पत्रं बनावट निघाली.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं खोटी आहेत हे कळल्यावर या दोघांनी दिलगिरी दाखवली पण बर्वे काही मागे हटले नाहीत, आणि १८८२ च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईचा डोंगरीचा तुरुंग. थोडे दिवस सूट मिळून २६ ऑक्टोबरला सुटले, एकूण १०१ दिवस, आणि आगरकरांनी त्यावर 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिलं ते तुम्हाला कॉलेजच्या लायब्ररीत मिळेल, छोटं आहे, परीक्षेनंतर तरी वाचाच. खटल्याच्या वेळी जामिनाची रक्कम उभी करायला जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे पुढे आले, हेही लक्षात ठेवा, कारण पुढच्या पन्नास वर्षांत ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर पेपरांची जी काही जुंपली ती बघता ही गोष्ट लोक सोयीस्कर विसरतात.

आणि महाराजांचं काय झालं? २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय वीसच्या आसपास. म्हणजे कागद खोटे होते, पण महाराजांच्या जिवाची जी काळजी गावाला वाटत होती ती काही खोटी नव्हती. दोन मार्काच्या उत्तरात हे बसत नाही, पण माझ्या मते प्रकरणाचा गाभा तोच आहे. त्यानंतर १८८४ च्या मार्चमध्ये कागलचे यशवंतराव दत्तक आले, तेच आपले शाहू महाराज.

हे झालं पुण्याच्या लोकांचं. कोल्हापुरात बसून पेपर काढणारा कुणी तुरुंगात गेला की नाही? का सगळे दरबाराचे भाट? (वाचक, इचलकरंजी)

भाट होते, नाही कसे. पण सगळे नाहीत. विष्णु गोविंद विजापूरकर हे नाव आज कोल्हापुरात किती जणांना माहिताय कुणास ठाऊक. राजाराम कॉलेजात प्रोफेसर होते. १८९४ मध्ये त्यांनी 'ग्रंथमाला' नावाचं मासिक काढलं, ज्यात चांगली चांगली पुस्तकं तुकड्या-तुकड्याने छापून वर्गणीदाराला घरपोच मिळायची. नंतर 'समर्थ' साप्ताहिक, आणि मग 'विश्ववृत्त' मासिक. राष्ट्रीय शिक्षणाची शाळा काढली ती वेगळीच. माणूस एकटा आणि उद्योग दहा जणांचे.

१९०८ साली 'विश्ववृत्त'मध्ये एक लेख आला, 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता'. लेखक श्रीपाद दामोदर सातवळेकर, म्हणजे पुढे ज्यांना सगळा देश वेदांचे पंडित म्हणून ओळखायला लागला तेच. आता नाव वाचून वाटेल की श्रावणातलं प्रवचन असेल. पण साल १९०८ आहे, बंगालात बाँब फुटलेत, टिळकांना जुलैमध्ये सहा वर्षांची शिक्षा झालीय, आणि सरकारला वेदातल्या शत्रूनाशाच्या प्रार्थनेतसुद्धा राजद्रोह दिसत होता (खरं सांगायचं तर वाचकाला तेच दिसावं अशी लेखकाचीही इच्छा होती, सरकार अगदीच काही मूर्ख नव्हतं). संपादक विजापूरकरांना तीन वर्षं, आणि मासिकाशी जोडलेले वामन मल्हार जोशी यांनाही तीन वर्षं. हे तेच कादंबरीकार वामन मल्हार. विजापूरकर सुटून आले पण 'विश्ववृत्त' काही परत उभं राहिलं नाही.

शाहू महाराजांनी स्वतःचा पेपर काढला होता का? आमच्या गावातल्या भाषणात एकाने सांगितलं की 'मूकनायक' महाराजांचाच होता. (शिक्षक, शिरोळ तालुका)

नाही गुरुजी. 'मूकनायक' बाबासाहेब आंबेडकरांचा, ३१ जानेवारी १९२० ला मुंबईहून निघाला, संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं होतं कारण बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते. महाराजांनी त्याला २५०० रुपये दिले. १९२० चे अडीच हजार, लक्षात घ्या. आणि दोन महिन्यांच्या आतच, मार्चमध्ये, कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली तिथे महाराज स्वतः गेले. भाषणवाल्याने ही सगळी गोष्ट एका वाक्यात कोंबली एवढंच.

महाराजांचा स्वतःचा म्हणावा असा पेपर म्हणजे करवीर सरकारचं गॅझेट. हसू नका! २६ जुलै १९०२ चा नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवायचा हुकूम त्या गॅझेटातच आला, आणि देशात त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याही पेपरात त्याच्याएवढी मोठी बातमी नसणार. गॅझेटाला हेडलाईन नसते म्हणून आपण त्याला पेपर म्हणत नाही.

बाकी महाराजांना पेपरांचा अनुभव कडूच जास्त. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे महाराजांचे धर्मविधी वेदातल्या मंत्रांनी करायचे की नाही या वादात, 'केसरी' उलट्या बाजूला होता आणि 'केसरी' घराघरात जायचा, त्यामुळे संस्थानच्या राजाचं म्हणणं मांडायला पेपरच नाही अशी अवस्था. कोल्हापुरात भास्करराव जाधवांचं 'मराठा दीनबंधु' होतं पण त्याचा आवाज किती दूर जाणार. म्हणून महाराजांनी ब्राह्मणेतर पेपरांना वेळोवेळी हात दिला. यात काही लोकांना 'पैसे देऊन छापून आणलं' असं दिसतं. मला तसं दिसत नाही. वर्गणीवर चालणाऱ्या पेपराला वर्गणीदार लागतो, आणि ज्यांच्यासाठी पेपर काढायचा तेच जर अजून शाळेत गेले नसतील तर वर्गणी भरणार कोण, त्या काळात दुसरा रस्ताच नव्हता. हां, मदत घेतलेल्या पेपराने कोल्हापूर दरबाराबद्दल किती मोकळं लिहिलं असेल हा प्रश्न राहतोच, तो तुम्ही विचारलात तर मी नाही म्हणणार नाही.

आमचे आजोबा कोल्हापुरात राहून बेळगावचा पेपर पोस्टाने मागवायचे असं वडील सांगतात. गावात पेपर असताना बेळगावचा कशाला? (एक ताई, सध्या मुक्काम बंगळूर)

ताई, तुमचे आजोबा हुशार होते.

नकाशा डोळ्यासमोर आणा. कोल्हापूर संस्थान, सांगली, मिरज, जत, सगळी संस्थानंच. बेळगाव, सातारा, रत्नागिरी हे मात्र ब्रिटिश जिल्हे. संस्थानात पेपर काढायचा तर दरबाराची मर्जी सांभाळा. ब्रिटिश मुलखात इंग्रजावर लिहिलं तर पेपराने सरकारकडे भरलेला जामीन जप्त, पण शेजारच्या संस्थानिकावर लिहायला मोकळीक, निदान थोडीफार. त्यामुळे गंमत अशी की कोल्हापूरबद्दलची खरपूस बातमी कोल्हापुरात छापून यायचीच नाही, ती बेळगावहून नाहीतर पुण्याहून टपालाने गावात यायची. बेळगावला 'बेळगाव समाचार' १८६३ पासूनचा, आणि बाबुराव ठाकुरांचा 'तरुण भारत' १९१९ चा. या पेपरांना कोल्हापूरचा वाचक पहिल्यापासून मिळाला त्याचं एक कारण हेच.

संस्थानिकांच्या हे डोळ्यावर आलं नाही असं नाही. १९२२ साली एक कायदा आला, संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या ब्रिटिश मुलखातल्या पेपरांना शिक्षा करायचा. दिल्लीच्या असेंब्लीने तो मांडूसुद्धा दिला नाही तर व्हाइसरॉय रीडिंगने आपल्या खास अधिकारात तो करून टाकला. १९३४ मध्ये त्याची आणखी एक कडक बहीण आली. एवढा खटाटोप कशासाठी, चार-सहा पानी साप्ताहिकांसाठी. त्यावरून त्यांची धास्ती किती होती ते बघा.

तरी गावातच राहून बोलणारेही होते. खंडेराव बागलांनी १९२५ च्या सुमाराला 'हंटर' काढला. सत्यशोधक माणूस, पेशाने वकील, त्यामुळे कुठल्या वाक्यावर खटला होतो आणि कुठल्यावर नाही हे बरोबर ठाऊक. रयतेवर जुलूम करणाऱ्याला, मग तो भट असो, सावकार असो की दरबारातला आपलाच माणूस असो, फटका ठरलेला. ते महत्त्वाचं आहे, कारण ब्राह्मणेतर पेपर म्हटलं की लोकांना वाटतं एकाच जातीवर लिहायचे. मुलगा माधवराव बागल, चित्रकार, ते त्याच पेपरात लिहून तयार झाले आणि १९३९ मध्ये रत्नाप्पा कुंभारांबरोबर प्रजापरिषद या संस्थानी प्रजेच्या संघटनेतून संस्थानात जबाबदार राज्यपद्धती मागायला उभे राहिले. म्हणजे बघा, एकाच १९३९ सालात प्रजापरिषद आणि 'पुढारी' दैनिक. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि हा सगळा हद्दीचा खेळ संपला. निदान या बाजूला तरी, बेळगावचं काय झालं ते तुम्ही बंगळुरात बसून मला विचारू नका.

बाबा प्रेसमध्ये कंपोझिटर होते. आता नाहीत. मुलाला सांगायचंय की आजोबा नेमकं काय करायचे, पण मला स्वतःलाच नीट माहीत नाही. (वाचक, कसबा बावडा)

मुलाला मोबाईल बाजूला ठेवायला सांगा आणि हे वाचून दाखवा.

एक मोठं तिरपं लाकडी खोकं, त्यात छोटे छोटे खण, त्याला केस म्हणायचे. प्रत्येक खणात शिशाचे खिळे, एका खिळ्यावर एक अक्षर नाहीतर अक्षराचा तुकडा, आणि तेही उलटं. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, कॅपिटल धरून बावन्न. आपल्या देवनागरीला जोडाक्षरं, काना, मात्रा, रफार, उकार धरले की खिळे शेकड्यांनी, म्हणून मराठी कंपोझिटरच्या समोर एक केस नाही, चारी बाजूंनी केसेस, आणि तो मध्ये उभा. डाव्या हातात स्टिक, म्हणजे एक धातूची पट्टी. समोर संपादकाचा हस्तलिखित कागद, अक्षर बहुतेक वेळा देवाला कळेल असं. उजवा हात खणाकडे न बघता जातो, खिळा उचलतो, स्टिकमध्ये लावतो. ओळ पूर्ण भरत नसेल तर मध्ये कोऱ्या पट्ट्या घालून ती घट्ट करायची, नाहीतर मशीनवर खिळा उडतो. स्टिक भरली की मजकूर गॅलीत, म्हणजे एका लांब तबकात, गॅलीवर शाई फिरवून प्रूफ काढायचं, ते प्रूफरीडरकडे, दुरुस्त्या आल्या की चिमट्याने खिळा काढून दुसरा. मग पान बांधायचं, दोऱ्याने आवळायचं, तो बांधलेला फर्मा मशीनवर चढवायचा. छोट्या प्रेसात ट्रेडल, पायाने दाबायचं, एका वेळी एक कागद घालायचा आणि हात वेळेवर काढायचा. वेळेवर म्हणजे वेळेवर, ट्रेडलमध्ये बोट गेलेली माणसं जुन्या प्रेसमध्ये हमखास भेटायची.

छापून झालं की काम संपलं? नाही. सगळे खिळे धुऊन परत आपापल्या खणात टाकायचे, कारण उद्याचा पेपर त्याच खिळ्यांतून काढायचाय. एक खिळा चुकीच्या खणात पडला की दुसऱ्या दिवशी 'मंत्री'चा भलताच कोणी होतो आणि संपादक 'मुद्राराक्षसाचा विनोद' म्हणून माफी छापतो. माफी कंपोझ करणारे तुमचे बाबाच.

तुमच्या बाबांची बोटं काळपट आणि हात जरा खडबडीत असतील, आठवून बघा. शिशाचं काम, हातमोजे वगैरे काही नाही, जेवायच्या आधी हात धुवायला राख. मालकांची चरित्रं निघाली, संपादकांचे पुतळे झाले, या माणसांचं कुठे काही नाही. ऐंशीच्या दशकात ऑफसेट आणि फोटोकंपोझिंग, मग कॉम्प्युटरवर डीटीपी, आणि शिसं किलोवर भंगारात गेलं. काही कंपोझिटर डीटीपी शिकले. बरेच जण नाही शिकू शकले.

पेपर चालायचे कशावर? एक-दोन आण्याला पेपर विकून कुणाचं भागतं का? (वाचक, पुणे, मूळ गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला)

भागत नाही. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. वर्गणी बुडवणारे तर आपल्याकडे जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत, जुन्या साप्ताहिकांत 'वर्गणीदारांस विनंती' ही चौकट अग्रलेखाइतकीच नियमित यायची.

पेपर काढायचा मतासाठी आणि चालवायचा दुसऱ्याच कशावर तरी, हा सगळीकडचा नियम. कोल्हापुरात ते दुसरं काय तर एक म्हणजे बाजार. शाहूपुरीची पेठ महाराजांनी १८९५ मध्ये वसवली, गूळ तिथे यायला लागला, आणि गुळाचा भाव काय फुटला हे कळायला शेतकरी, अडत्या दोघांनाही पेपर लागायचा. दुसरं, सिनेमा. बाबुराव पेंटरांपासून गावात फिल्म बनत होती आणि थिएटरंही भरपूर, त्यांच्या जाहिराती. तिसरं, कुस्तीची मैदानं, खासबागेत जोड कुणाची लागलीय हे गावोगाव पोचवायचं तर पेपरच. मग कोर्टाच्या नोटिसा, वकिलांच्या 'तमाम लोकांस कळविण्यात येते की'वाल्या जाहीर नोटिसा, नगरपालिकेच्या निविदा. युद्धाच्या काळात कागदच मिळेना तेव्हा पानं कमी झाली पण नोटिसा राहिल्या.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, निधनवार्ता. कोल्हापूरच्या पेपरातली निधनवार्ता जगात दुसरीकडे तशी मिळत नाही. नाव, वय, पेठ किंवा गाव, मागे कोण कोण, आणि शेवटची ओळ ठरलेली, 'रक्षाविसर्जन रविवारी सकाळी ९ वाजता आहे.' ती शेवटची ओळ म्हणजे खरी बातमी. बाकी सगळं टीव्हीवर कळतं, फोनवर कळतं, पण रक्षाविसर्जन किती वाजता हे पेपरातच बघायचं आणि गाडी काढायची. पुण्यात तुमच्या आईंच्या हातात पेपर दिला की त्या आधी आतलं पान उघडत असतील, पैज लावतो. माझं मत विचाराल तर १९८० मध्ये पुण्याच्या 'सकाळ'ने कोल्हापूर आवृत्ती काढली, नंतर आणखी मोठे आले, त्यांनी रंगीत पानं आणली, पुरवण्या आणल्या, पण गावात टिकायचं तर त्यांनाही वाढदिवस, निधन आणि रक्षाविसर्जन छापावंच लागलं. गावाने पेपराला वळण लावलं, पेपराने गावाला नाही.

मला गावाचं साप्ताहिक काढायचंय. सल्ला? (तरुण वाचक, राधानगरी)

शीर्षकाची नोंदणी आधी करा. १८६७ चा जुना कायदा गेला, २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे, अर्ज ऑनलाईन होतो. आणि वर्षभराचा खर्च हातात असेल तरच सुरू करा. दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर साप्ताहिक चालत नाही भावा, खंडेराव बागलांची वकिली होती.

माळ्यावर 'सत्यवादी'चे आणि आणखी काही जुने अंक सापडलेत. काही २०१९ च्या पुरात भिजून वाळलेले आहेत. लॅमिनेशन करून घेऊ का? (वाचक, शुक्रवार पेठ)

थांबा! लॅमिनेशन अजिबात नको. एकदा प्लास्टिक गरम करून चिकटवलं की ते परत निघत नाही आणि कागद आतल्या आत सडत राहतो. सेलोटेपही नको, त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी डाग पाडतो. न्यूजप्रिंट हा लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, तो उजेडाने पिवळा आणि ठिसूळ होतोच, त्यात तुमची चूक नाही. एकोणिसाव्या शतकातला चिंध्यांपासून केलेला कागद हाती आला तर तो याच्यापेक्षा धडधाकट दिसेल, गोंधळून जाऊ नका.

पुरात भिजून चिकटलेली पानं ओढून सुटी करू नका, तो गठ्ठा तसाच बाजूला ठेवा आणि जाणकाराला दाखवा. बाकीचे अंक घडी उलगडून, सपाट, जाड स्वच्छ पुठ्ठ्यात, खाली नाही तर वरच्या कपाटात ठेवा. शुक्रवार पेठेत राहता म्हणजे पंचगंगा कुठपर्यंत येते हे मी सांगायला नको.

मग प्रत्येक पानाचा फोटो. फ्लॅश बंद, दिवसाच्या उजेडात, मोबाईल पानाच्या बरोबर वर धरून. पहिल्या पानाचा फोटो काढताना वरची पट्टी पूर्ण येऊ द्या, ज्यात नाव, वर्ष, अंक, तारीख आणि किंमत असते, आणि शेवटच्या पानाचा काढताना तळाची बारीक ओळ, 'हे पत्र अमुक छापखान्यात अमुक यांनी छापून प्रसिद्ध केले' ती. लोक नेमकी ती ओळ कापतात. पेपर कुणाचा होता, कुठल्या पेठेत छापला, हे पुष्कळदा फक्त तिथूनच कळतं.

त्यानंतर अंक घरात ठेवायचेत की द्यायचेत ते तुम्ही ठरवा. द्यायचे असतील तर करवीर नगर वाचन मंदिर आहे, शिवाजी विद्यापीठाची खर्डेकर लायब्ररी आहे, कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे. आधी जाऊन विचारा, काय आहे त्याची यादी दाखवा, थेट पोतं घेऊन दारात उभे राहू नका. आणि तुमच्याकडचा एखादा अंक कुठेच मिळत नसेल, तर त्यातल्या बातमीचा पत्ता मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात लागू शकतो, कारण इंग्रज सरकार १८६८ पासून देशी पेपरांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला काढून ठेवायचं, कुणी काय लिहिलं त्यावर नजर ठेवायला. पहारा ठेवणाऱ्यांनी जपून ठेवलं आणि आपण रद्दीत घातलं, असं पुष्कळ पेपरांचं झालंय. तिथे जाताना पेपराचं नाव आणि निदान महिना-वर्ष माहीत हवं, नाहीतर दिवस फुकट जातो.